गायबकाकांचा कोट

मला नसत्या उठाठेवी करायची खोड आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझा धंदा चाव्या करायचा. दुसऱ्याच्या कुलपात डोकावणं हेच माझं पोट, त्यामुळे समोरच्या दुकानात डोकावलो तर कुणी फार मनावर घेऊ नये.

समोरचं दुकान गायबकाकांचं. काका रफूगार. सिगारेटनं जळलेली पँट आणा, खिळ्याला अडकलेली शाल आणा, उंदरानं कुरतडलेला सूट आणा. काका त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून दोरे काढणार आणि भोक असं बुजवणार की ते कुठं होतं हे मालकालाही सांगता येऊ नये. म्हणून सगळा बाजार त्यांना गायबकाका म्हणतो. दुकानावर पाटी आहे: ‘रफू स्वतः करून मिळेल’. त्यातल्या ‘स्वतः’वर काकांचा फार जीव.

काकू मागे पडद्याआड बसायच्या. बटणं, हुक, पँटीची उंची कमी करणं ही त्यांची कामं. पण काकांचं बघून बघून त्याही रफू शिकल्या होत्या. अधूनमधून एखादी चिंधी रफू करून काकांपुढं ठेवायच्या. काका डोळे मिटून उजव्या हाताची बोटं कापडावरून फिरवायचे, एका जागी थांबायचे आणि म्हणायचे, “सापडलं.” काकू चिंधी उचलून आत जायच्या. वर्षानुवर्षं हे चाललेलं. मी एकदा म्हटलंही, “काका, कधीतरी चांगलं झालंय म्हणा की.” तर म्हणाले, “सापडतं ते रफू नाही, ठिगळ. ठिगळाला चांगलं कसं म्हणू?”

एका संध्याकाळी काका शटर ओढून रस्ता ओलांडत होते. कोपऱ्यावरून एक मोटार भरधाव वळली. तिच्या बाजूच्या आरशात काकांची बाही अडकली, काका फरपटत गेले आणि फुटपाथच्या कडेवर उजव्या हातावर आपटले. आरसा तुटून रस्त्यात पडला. मोटार क्षणभर थांबली आणि निघून गेली. मी धावत बाहेर आलो तोवर ती वळणावर होती. तिचा राखाडी रंग पाहिला, मागच्या काचेतली खेळण्यातली माकडं पाहिली, एक दिवा बंद होता तोही पाहिला. नंबर तेवढा पाहिला नाही. उभ्या जन्मात एवढ्या चौकशा केल्या आणि कामाची गोष्ट नेमकी राहिली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “काय झालं?” काका म्हणाले, “काही विशेष नाही, पडलो.” माणूस कळवळत होता, पण फाटलेलं झाकायची सवय हाडीमांसी खिळलेली. कागदावर तेच उतरलं. हाताची एक नस तुटली होती. मूठ मिटत नव्हती आणि बोटांच्या टोकांना काही कळत नव्हतं. ऑपरेशन केलं तर थोडीफार पकड येईल, असं डॉक्टर म्हणाले. पण त्याचा खर्च दुकान विकूनही निघाला नसता. एकच वाट होती, नुकसानभरपाईची.

मोडका आरसा मी पोलिसांकडं दिला होता. नवा आरसा बसवायला एका गॅरेजात आलेली राखाडी मोटार त्यांनी शोधून काढली. मालक म्हणाला, “आरसा? तो खांबाला लागून तुटला.” त्याच्या विमा कंपनीनंही मग खांबाचाच धोशा लावला.

काकांचा भाचा वकील आहे. तो दुकानात आला आणि म्हणाला, “मामा, घाबरू नका. तुमचा त्या दिवशीचा कोट द्या. फाटलेली बाही आणि तो आरसा शेजारी ठेवला की कंपनीचं तोंड बंद.”

काकूंनी आतून कोट आणला. धुतलेला, इस्त्री केलेला, हँगरवर.

“मामी, हा नव्हे. फाटलेला हवाय.”

“हाच तो,” काकू म्हणाल्या. “हे दवाखान्यात होते तेव्हा केला मी. फाटका कपडा घरात ठेवायचा तरी कसा?”

भाच्यानं बाही उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली आणि कपाळाला हात लावला. इतकी वर्षं दुसऱ्यांची भोकं बुजवली आणि आता आपलाच पुरावा बुजवून बसले. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं आली. त्यातल्या एकानं कोट बघून विचारलं, “वा, काका, तुमचं काम?” काका म्हणाले, “हो, माझंच.” काकू पडद्याआड गेल्या.

आता माझं डोकं चालू लागलं. दुकान रोज उघडत होतं. काका गल्ल्यावर बसायचे, उजवा हात मांडीवर, फळीच्या आड. कपडा घ्यायचे, द्यायचे डाव्या हातानं. काम मात्र अगदी वेळेवर आणि नामी. मला राहवेना. घरी जाऊन माझ्या एका चांगल्या पँटला चावीनं भोक पाडलं (बायकोनं त्यावर जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही) आणि पँट रफूला दिली. दुपारी काका डुलकी घेत होते तेव्हा हळूच पडदा सरकवला. आत दिव्याखाली काकू बसल्या होत्या, मांडीवर माझी पँट. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. गप्प बसणं म्हणजे माझ्यासाठी उपासापेक्षा अवघड, पण बसलो.

काकांना मात्र एकटं गाठून म्हटलं, “काका, लोकांना सांगून टाका ना.”

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” काका म्हणाले. “गिऱ्हाईक या हाताकडं बघून कपडा टाकतं. हात गेला म्हटलं की गिऱ्हाईक गेलं. आणि एवढ्या वर्षांनी काय सांगू, की बायको करते म्हणून?” खरी बोच त्या शेवटच्या वाक्यात होती. मला त्यांचा रागही आला आणि कीवही.

सुनावणीच्या दिवशी आम्ही सगळे भरपाईच्या कचेरीत गेलो. लांबट खोली, भिंतीलगत बाकं, त्यावर आपापल्या प्लास्टरांसकट पाळी येण्याची वाट बघणारी माणसं. समोर अध्यक्ष म्हणून एक चष्मेवाल्या बाई. मी साक्षीदार. मला माकडांचा रंगसुद्धा आठवत होता, पण कंपनीच्या वकिलानं फक्त नंबर विचारला आणि मला खाली बसवलं.

मग तो कोटाकडं वळला. शांत, अदबीनं बोलणारा माणूस, खोटं काही बोलला नाही. म्हणाला, “या कोटाला फाटल्याची खूणच नाही. म्हणजे एक तर तो फाटलाच नव्हता. किंवा फाटला होता आणि या गृहस्थांनी रफू केला. तसं असेल तर त्यांचा हात ठणठणीत आहे, मग भरपाई कसली?” मग त्यानं स्वतःच्या काळ्या डगल्याची बाही पुढं केली. “बाई, मी या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक आहे. गेल्याच महिन्यात इथं मोठं भोक होतं. यांनी दिलं तेव्हा म्हणाले, स्वतः केलंय.”

इकडे आड, तिकडे विहीर. भाच्यानं मामाकडं पाहिलं. कोट मामीनं केलाय हे त्याला ठाऊक होतं, पण दुकानातलं बाकीचं काम कोण करतं हे नव्हतं.

बाईंनी विचारलं, “हा कोट कोणी रफू केला?”

काका उभे राहिले. बाकांवरचे सगळे त्यांच्याकडं बघत होते. काकांनी एकदा काकूंकडं पाहिलं, एकदा त्या वकिलाच्या बाहीकडं. “मी केला,” ते म्हणाले.

भाचा मटकन बसला. ऑपरेशन, हात, सगळं त्या दोन शब्दांत गेलं असं मला वाटलं. काकू जमिनीकडं बघत राहिल्या.

बाई मात्र काकांच्या हाताकडं बघत होत्या. म्हणाल्या, “सुईत दोरा ओवून दाखवता?”

काकांच्या कॉलरखाली दोरा गुंडाळलेली सुई कायम खोचलेली असते. त्यांनी ती डाव्या हातानं काढली, दोरा उजव्या हातात धरला. तो निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा दोरा बोटांत आहे की नाही हेच त्यांना कळलं नाही. ते रिकाम्या चिमटीनं सुईचं नेढं शोधत राहिले.

तेव्हा काकू उठल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी काकांच्या हातातून सुई घेतली, पायाशी पडलेला दोरा उचलून त्याचं टोक ओलं केलं, एका झटक्यात ओवला, सुई काकांच्या डाव्या हातात परत दिली आणि जागेवर जाऊन बसल्या. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण घरी नाही. त्यांचा चेहरा उतरला.

“घरी रोज असंच चालतं का?” बाईंनी विचारलं.

काका त्या ओवलेल्या सुईकडं बघत होते. “बाई, मघाचं खोडा,” ते म्हणाले. “कोट हिनं केलाय. या साहेबांचा डगलाही हिनंच केलाय. माझा हात त्याच संध्याकाळी गेला. तेव्हापासूनचं दुकानातलं सगळं काम हिचं आहे आणि मी ते माझं म्हणून देतोय.” त्यांचा आवाज फाटला. मला रडू आलं, लपवत नाही.

भाचा आता जागा झाला. त्यानं कोट आणि आरसा दोन्ही तपासणीला पाठवण्याची मागणी केली. आरशाच्या बिजागरीत लोकरीचे काही धागे अडकून राहिले होते. ते त्याच कोटाचे निघाले. खांब काही लोकरीचा कोट घालत नाही. पुढच्या तारखेला दाव्याचा निकाल काकांच्या बाजूनं लागला.

ऑपरेशन झालं. आता काकांना कप धरता येतो, शटर ओढता येतं. बोटांची टोकं मात्र मुकी ती मुकीच. दुकानात खुर्च्यांची अदलाबदल झाली आहे. काकू पुढं खिडकीत उजेडात बसतात, काका आत हुक लावायचा सराव करतात आणि वैतागतात. काही गिऱ्हाइकं गेली. कंपनीचा वकील अजून येतो, आणि कपडा थेट काकूंच्या हातात देतो.

पुराव्यातला कोट परवा परत मिळाला. काकांनी तो फळीवर पसरला. मी अर्थातच तिथं होतो. काकांनी डोळे मिटले आणि जुन्या सवयीनं उजवी बोटं बाहीवरून फिरवली. मग आठवून तो हात बाजूला घेतला आणि डावा फिरवला. कोपरापासून मनगटापर्यंत, परत वर, परत खाली. बाही उलटी करून फिरवला. मग कोट घेऊन दारात उजेडात गेले.

“तुला दिसतंय का रे काही?” त्यांनी मला विचारलं.

मी नाक टेकवून बघितलं. मला काही दिसलं नाही.

“अगं, कुठं फाटला होता हा?”

“शोधा,” काकू सुईवरून नजर न काढता म्हणाल्या.

काका बराच वेळ शोधत होते. मग त्यांनी कोटाची घडी घातली आणि काकूंच्या पुढ्यात ठेवली.

“नाही सापडत,” ते म्हणाले.

काकूंचा हात थांबला. त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला, आणि कितीतरी वेळ पुसत राहिल्या.