नदीकाठच्या रस्त्याने कान्होबा

बाईकडे जायचं असलं की मी महाल भागाच्या अलीकडेच नव्या रस्त्यावरून खाली उतरत असे. मग बाजारातून, हातगाड्या आणि गाई चुकवत, तिच्या गल्लीत पुढच्या तोंडाने शिरत असे. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. "आज लवकर आला गा," ती म्हणायची. "सुटलो लवकर," असं काहीतरी पुटपुटून मी पाणी प्यायला लागायचो. खरं म्हणजे मी नदीकाठच्या नव्या रस्त्याने आलेलो असायचो, आणि तो रस्ता मला फार आवडतो. या दोन्ही गोष्टी तिला सांगायची हिंमत मला होत नव्हती.

कारण याच रस्त्याच्या भिंतीने तिच्या गल्लीचं मागचं तोंड बंद केलं. तिथे नाग नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या. नाग नदीचं पाणी किती घाण आहे हे नागपूरकराला सांगायला नको. त्या पायऱ्यांवर कोणी आंघोळीला जात नव्हतं. पण गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतले सगळे कान्होबा तिथेच शिरवले जायचे. विसर्जनाला आमच्याकडे शिरवणं म्हणतात. मातीचा कृष्ण, त्याच्यावर लाकडी चौकटीला टांगलेला करंज्या-पापड्यांचा फुलोरा, रात्रभर भजन, आणि दुसऱ्या दिवशी टाळ वाजवत नदी. आमच्या घरचा कान्होबा आईच्या मागे बाईकडे आला. भाऊजी गेले, मूलबाळ नव्हतं, तरी तिने तो कधी चुकवला नाही. आमच्या घरात त्याचा एकच कडक नियम आहे: पाटावरून उचललेला कान्होबा पाणी येईपर्यंत कुठेही टेकवायचा नाही.

पायऱ्या गेल्या त्या वर्षी तिने तो अंगणातल्या बादलीत शिरवला. मी समोर होतो. मूर्ती विरघळेपर्यंत ती बादलीजवळ बसून राहिली आणि नंतर म्हणाली, "लेकराले टपात बसवल्यावानी केलं आपण देवाले." या वर्षी अष्टमीच्या आधीच तिने सांगून टाकलं, "यंदा वाहतं पाणी भेटलं तं ठीक. नाई तं पुढल्या वर्षापासून मी मांडत नाई. बंद."

ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे लसूण सोलत म्हणाली. वर्षातून एकदा भजनाच्या निमित्ताने तिचं घर भरतं; बाकी दिवस ती एकटी असते. कान्होबा बंद म्हणजे ते दारही बंद. आणि ज्या रस्त्याने हे झालं, त्याच्यावरून मी रोज संध्याकाळी जवळजवळ गाणं म्हणत जात होतो.

काय करू, रस्ता आहेच तसा. कामावरून सुटून हिंगण्याहून आलं की अंबाझरीपाशी तो नदीला मिळतो आणि पुढे तिला सोडत नाही. ती वळली की तोही वळतो. धरमपेठेच्या बंगल्यांच्या मागून, बर्डीच्या पाठीमागून, मोक्षधाम या स्मशानाजवळून. तिथे बहुतेक मोटारसायकलवाले चालत्या गाडीवरून एक हात कपाळाला लावतात, मीही लावतो. पुढे महाल, मग मी घरासाठी उतरतो ते नंदनवन, आणि तिथून तो पारडीकडे जातो. जुने लोक सांगतात, काठाने आधी माळ्यांची पायवाट होती. पालक-मेथीचे भारे डोक्यावर घेऊन बाया पहाटे शहरात शिरायच्या. मग बैलगाडीची चाकोरी पडली. मग सांडपाण्याची मोठी लाईन गेली, तिच्यावरून लोक चालायला लागले, आणि शेवटी त्याच वळणांवर हा रस्ता बसला. आम्ही सगळ्यांनी नदीकडे पाठ करून घरं बांधली होती. या रस्त्यावरून मला माझं शहर पहिल्यांदा मागच्या बाजूने दिसलं: वाळत घातलेले पापड, मागच्या गॅलरीत अभ्यास करणाऱ्या पोरी, तुळशी, गंजलेले कूलर. धरमपेठेतला नाला आणि बाईच्या गल्लीमागची नदी हे एकच पाणी आहे, हे मला पन्नाशीला टेकल्यावर त्या रस्त्याने शिकवलं. पूर्वी घरी पोहोचायला अंधार व्हायचा. आता बायकोबरोबर उजेडात चहा होतो.

म्हणूनच बाई "बंद" म्हणाली तेव्हा मी बोलून बसलो, "वाहत्या पाण्याजवळ मी नेतो तुला."

तलावांवर शिरवू देत नाहीत, आणि महानगरपालिकेचे हौद गणपतीला लागतात. कान्होबा त्याच्या आधीच येऊन जातो. माझा हिशोब साधा होता. रस्ता सगळा नदीला धरून जातो, तर कुठेतरी खाली उतरायला जागा असणारच. रोज जाणारा माणूस मी, पण पाण्यापर्यंत उतरायचा प्रसंग कधी आला नव्हता. वरून पाहणाऱ्याला नदी जवळच वाटते.

अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कार घेऊन गेलो. बायको मागे बसली, बाई तिच्या शेजारी, हातांत कान्होबा. मोक्षधामाजवळच्या चढावरून आम्ही वर लागलो. पहिल्या वळणाला मी गाडी हळू केली. डावीकडे कमरेच्या वर भिंत, भिंतीखाली सरळ नदी. मागून टँकरने हॉर्न दिला. पुढचं वळण, तीच भिंत.

"काहून थांबून राहिले?" बायकोने विचारलं.

"जागा पाहतो."

"रोज या रस्त्यानं येता नं? का डोळे मिटून येता?"

बाई मात्र खिडकीला लागली होती. या रस्त्यावर ती पहिल्यांदाच चढली होती. "अवं थांब, हा आपल्या गल्लीचा पिंपळ नाई का?" ती बायकोला म्हणाली. "अन् हे पाह्य, माया घराची गच्ची! माया पातळ वाळून राहिलं तिथी!"

"साजरं दिसते वरून," बायको म्हणाली.

"काय साजरं? अर्धं पातळ गच्चीखाली लोंबून राहिलं. सारं गाव पाहून जात असन."

दोघी हसल्या. मी हसलो नाही. तिच्या घराच्या मागून तिला मी पन्नासच्या वेगाने पुढे घेऊन चाललो होतो, आणि पाणी हाताच्या अंतरावर असून मिळत नव्हतं. आता मागे वळायचं तर पुढच्या उतारापर्यंत जावं लागणार, आणि तो उतार बाजारात उतरतो, पाण्यात नाही.

"हात भरून आले गा," बाई म्हणाली.

"द्या बाई माया हातात," बायको म्हणाली. "हातोहात चालते नं? टेकवाचा नाई एवढंच."

कान्होबा या हातातून त्या हातात गेला. मी आरशात पाहिलं. बाई मनगटं दाबत होती. त्या क्षणी मला राहवलं नाही.

"बाई, मी रोज ह्याच रस्त्यानं येतो. तुझ्याकडे येतो तेव्हासुद्धा. आणि मला तो आवडतो. तुझी गल्ली बंद झाली तरी आवडतो."

मी वायपर लावला. भुरभुर सुरू झाली होती.

"गच्चीवरून दिसते मले तुई गाडी," बाई म्हणाली. "उतारावरून उतरते, मंग बजारात हिंडून येते. गाडी दिसली का माया चहा गॅसवर चढते. मी म्हणो, याले बजारात काय काम असन बाप्पा रोज?"

"अन् बोलल्या नाई?" बायकोने विचारलं.

"लाजते तं लाजू दे म्हटलं. आता समोर पाह्य गा, रडत गाडी चालवाची नसते."

मी रडत नव्हतो, पण समोर पाहिलं. नंदनवन गेलं. घरं विरळ झाली, भिंत बुटकी होत गेली. पारडीच्या पुढे रस्ता हळूच खाली उतरला आणि त्याच्याबरोबर मातीच्या काठांमध्ये नदी मोकळी पसरली. तिथे कडेला ऑटो उभे होते. एक मेटॅडोरही होता. टाळ ऐकू आले. काठाच्या चिखलात पाच-सहा घरची माणसं आपापले कान्होबा घेऊन उभी होती.

आम्ही उतरलो तशी एक अनोळखी बाई पदराने डोकं झाकत पुढे आली. "तुमीबी सारा रस्ता जागा पाहत आल्या का?"

"नाई तं काय!" बाई म्हणाली. "या माया भावानं आणलं, मोठा जाणता."

"आमच्या इथलेबी असेच जाणते आहेत," ती म्हणाली, आणि ऑटोजवळ उभे असलेले तीन पुरुष एकदम दुसरीकडे पाहू लागले.

पाणी काळपट होतं, कडेला फेस होता. पण ते वाहत होतं, मध्यभागी चांगल्या ओढीने. बाईने ते बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, ती आता म्हणेल, या पाण्यात नाही. ती चपला काढून उतरली. मी तिचा दंड धरला, दुसरीकडून बायकोने. त्या अनोळखी बायांनी आमच्यासाठीही टाळ धरले. घोट्याच्या वर पाणी आल्यावर बाईने कान्होबा खाली सोडला. क्षणभर त्याचा मोरपंखाचा तुरा वर दिसला आणि प्रवाह त्याला पुढे घेऊन गेला.

काठावर येऊन आमची बाई त्या पदरवालीजवळच बसली. पाय धुवायला पदरवालीने आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. बोलणं सुरू झालं, कोणाचा फुलोरा किती, कोणाकडे भजनाला किती माणसं. मी थोडा लांब उभा होतो, तरी ऐकू येत होतं.

"तुमची मूर्ती कोणाकडची?" बाई विचारत होती. "नाकडोये लय साजरे होते."

"इथीच पारडीत कुंभार आहे. पण आधी सांगून ठेवा लागते, नाई तं भेटत नाई."

"कधी सांगा लागते?"

"जवा सांगाल तवा. आता सांगा, लिहून घेते तो."

बाई उठली, ओला पदर पिळला आणि माझ्याकडे वळली. "चाल गा. घरी जायच्या आधी कुंभाराकडून जाऊ. पुढल्या वर्षीचा सांगून ठेवू."

मी गाडीचं दार उघडलं. कुंभाराचं घर कुठल्या गल्लीत, हे विचारायला बायको आधीच त्या ऑटोवाल्यांकडे गेली होती.