कालिंदीची ताकदीची गोळी

आमच्या लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरून कालिंदीचा आवाज आला की खाली नळावर भांडणाऱ्या बायका गप्प व्हायच्या. घाबरून नव्हे. आपल्यापेक्षा चांगलं भांडण ऐकायला मिळतं, ते कोण सोडणार?

ती खानावळ चालवायची. नवरा लवू गिरणीत साच्यावर, म्हणजे मागांवर, जॉबर, मुकादमच म्हणा, पदरी लहान पोरं, आणि त्यांच्या गावाकडची, कणकवलीच्या बाजूची एकटी माणसं हिच्याकडे दोन्ही वेळा जेवायला. दरडावून वाढायची. "काय रे मेल्या, कढी तिसऱ्यांदा मागतोस? तुझी आई नारळ पाठवतली काय?" असं म्हणायची आणि वाटी काठोकाठ भरायची. माझी खोली तिच्या भिंतीला भिंत लागून. मला राधावैनी म्हणायची. माझा मासळीचा तुकडा तिने कधी चुकवला नाही.

मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे सुरू झाले तेव्हा चाळीतल्या बायका निघायच्या आणि कालिंदी पुढे. ती "झालाच" म्हणून थांबायची, मागे वळून सगळ्यांवर एक नजर टाकायची, मग "पाहिजे" असं काढायची की बंदोबस्ताच्या शिपायाचेही ओठ हलायचे. लवूभावजींना ते आवडत नव्हतं. गिरणीतल्या मास्तरने, त्यांच्या खात्याच्या साहेबाने, एकदा त्यांना विचारलं होतं, "तुझी बायको पुढारी झाली म्हणे?" जॉबर माणूस, मास्तरचा शब्द त्याच्या जेवणात खड्यासारखा.

मग छप्पनच्या जानेवारीत गोळीबार झाला. हिच्या खानावळीत जेवणारा आनंदा, मिसरूडही नीट न फुटलेला, हिच्या डोळ्यांदेखत रस्त्यावर पडला. त्यानंतर कालिंदीची झोप गेली. डोळा लागला की किंचाळून उठायची. लवूभावजींनी तिला नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्यात काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. बाई झोपली. महिन्याभरात किंचाळणं थांबलं.

गोळी मात्र थांबली नाही. "अशक्तपणा आहे, ही ताकदीची गोळी," असं लवूभावजी म्हणायचे आणि सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हाताने द्यायचे, वर पाण्याचा पेला. चाळीतल्या बायका म्हणायच्या, नवरा असावा तर असा. ताकदीची गोळी खाऊन कालिंदी दिवसेंदिवस मवाळ होत गेली. आमटीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. मोर्चाला बोलवायला गेलं तर म्हणायची, "वैनी, पाय जड झालेत. पुढच्या वेळेला." तिच्या शिव्यांवाचून जेवण गोड लागेना म्हणून दोन-तीन माणसं दुसऱ्या खानावळीत गेली, हे मी हसत सांगते, पण खरं आहे. आम्हाला वाटलं, आनंदाचं दुःख धरलंय.

सत्तावन्नची निवडणूक आली. लवूभावजी तिला हाताला धरून मत द्यायला घेऊन गेले. परत आली आणि झोपली.

त्या साली पावसाळा संपल्यावर लवूभावजी बापाच्या वर्षश्राद्धाला गावी गेले. गोळ्या आणण्याचं काम ते कमलवर सोपवून गेले. कमल म्हणजे कालिंदीची सख्खी थोरली बहीण, आमच्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी. नेमका कमलला ताप भरला. गोळ्या संपत आल्या, तेव्हा कालिंदी स्वतःच दवाखान्यात गेली. कंपाउंडरने गोळ्या मोजता मोजता सहज विचारलं, "अजून रात्री ओरडता का हो बाई?"

"मी? दीड वर्ष झालं ते बंद होऊन."

"मग झोपेच्या गोळ्या कशाला? तुमचे मालक तर दर खेपेला सांगतात, अजून ओरडते, सामान फेकते. ते नाही आले तर तुमची बहीण येते. तीही तेच सांगते."

कालिंदी माझ्या खोलीत येऊन बसली. पुडी हातात तशीच. "वैनी, नवऱ्याचं मी समजू शकते. मास्तरच्या भीतीने केलं असेल. पण ताई? माझ्या पाठीला पाठ लावून निजलेली माझी ताई?" आणि मग एकदम म्हणाली, "मी मत कुणाला दिलं?"

तेव्हा आत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची. आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. कालिंदीला आपली चिठ्ठी कुठल्या पेटीत पडली ते आठवत नव्हतं. मुंबईसाठी घसा फाडलेली बाई, आणि तिला आपलंच मत ठाऊक नाही. ती रडली ती तेव्हा.

उठली आणि सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या. मी म्हटलं, बरं केलंस. मला काय ठाऊक! पुढचे दिवस ती फणफणत होती. हात कापत होते, घाम सुटत होता, झोप नाही. आम्ही म्हटलं, संताप आहे, निघू दे.

लवूभावजी गावाहून आले ते सकाळी. पिशवी खाली ठेवायच्या आत तिने विचारलं, "ती गोळी कसली होती?" ते म्हणाले, "अगो, तुझ्या बऱ्यासाठीच." तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तशीच आडवी पडली. हातपाय ताठ, मग झटके.

गॅलरी भरली. "देवी इली! देवी इली!" कुणी कुंकू लावलं, कुणी कापूर पेटवला. शेजारचे धोंडूकाका, पिकलेलं पान, गुडघे टेकून हात जोडून विचारते झाले, "आई, एवढा सांग. मुंबय आमका मेळतली काय गे?" त्याही गर्दीत दोघीतिघी उत्तर ऐकायला पुढे सरकल्या. पण देवी आली की बाई घुमते, बोलते. ही बोलेना. तोंडातून रक्त आलं, जीभ चावली होती.

तेव्हा लवूभावजी ओरडले, "देवी नाय ती! झोपेची गोळी बंद केलीन हिने. मीच देत होतो. डॉक्टरला बोलवा!"

सगळी चाळ ऐकत होती. एका दमात त्यांनी तिचा जीव वाचवला आणि स्वतःची अब्रू घालवली. दोन्ही मी त्यांच्या नावावर मांडते.

डॉक्टर आले, सुई दिली. ती शुद्धीवर आली तेव्हा तिच्या उशाशी बसून म्हणाले, "बाई, ही गोळी इतके महिने घेतल्यावर एकदम टाकायची नसते. जिवावर बेतलं असतं. पुन्हा सुरू करायची आणि हळूहळू कमी करायची. तान्ह्याचं दूध तोडता ना, तसं."

"तान्ह्याला निदान ठाऊक असतं, आपण काय पितोय ते," कालिंदी म्हणाली.

डॉक्टरांनी मान खाली घातली. "मी तुम्हाला बोलावून बघायला हवं होतं. नवरा सांगतो म्हणजे खरं असेल, असं धरून चाललो." मग पुढे म्हणाले, "गोळ्या घरातल्या विश्वासाच्या माणसाकडे ठेवा."

कालिंदीने लवूभावजींकडे बघितलं, दारात उभ्या कमलकडे बघितलं आणि हसली. "दाखवा."

शेवटी गोळ्या तिने स्वतःकडेच ठेवल्या आणि घेताना मी समोर बसायचं ठरलं. जिच्यापायी दीड वर्ष गेलं, तीच गोळी पुन्हा तोंडात टाकायची, आणि सुटायचं म्हणून टाकायची! पहिल्या दिवशी ती हातावर घेऊन कितीतरी वेळ बसली होती. घरी सुपारीच्या अडकित्त्याने गोळी कापायला गेलो तर भुगा झाला. मग कंपाउंडर गोळ्या कुटून तिच्यासाठी मापाने पुड्या बांधू लागला. ती तराजूपुढे उभी राहून बघायची आणि विचारायची, "यात काय आहे? नाव सांगा." दर पुडीला.

दर वेळी थोडंसं कमी, मग अंगाला सवय होईपर्यंत तिथेच थांबायचं. कमी केलं की पुन्हा घाम, वाईट स्वप्नं, छातीत धडधड. एकदा मोठा मोर्चा होता. तिला त्याच्या आत मोकळं व्हायचं होतं, म्हणून तिने गुपचूप दोन पुड्या गाळल्या. हात असे कापायला लागले की चुलीवरची भाकरी उलथता येईना. डॉक्टर रागावले, आधीच्या मापावर नेलं. म्हणाले, "मागे आलात म्हणजे हरला नाहीत. पण माझ्याशी चोरी नको." ती म्हणाली, "चोरी मी घरातच शिकले." पण ऐकलं. मोर्चाला गेली नाही.

कमल एकदा माझ्यासमोरच तिला चुलीपाशी गाठून म्हणाली, "कालिंदी, माझ्या घोवाला गिरणीत लवूभावजींनी चिकटवलंय. ते सांगतील ते मी केलं. आणि तू तुरुंगात गेली असतीस तर तुझी पोरं कुणी सांभाळली असती? मीच ना?"

"सांभाळायची होतीस की. मला कशाला निजवलंस?"

कमल रडली. कालिंदी पीठ मळत राहिली.

पुढचा उन्हाळा सरता सरता शेवटची पुडी संपली. झोप यायला लागली, आपली स्वतःची, मध्ये मध्ये तुटणारी. आवाजही परतला. सुटलेली माणसं कढीच्या शिव्या खायला पुन्हा आली. आपण मत कुणाला दिलं ते मात्र तिला कधी आठवलं नाही. लवूभावजींना तिने एकदाच विचारलं. ते म्हणाले, "आत मी नव्हतो." तिने विश्वास ठेवला की नाही, मला सांगितलं नाही.

शेवटची पुडी संपली त्या दिवशी लवूभावजींनी स्वतः चहा केला आणि कप तिच्यापुढे ठेवला. तिने चहा बशीत ओतला, बशी त्यांच्यापुढे सरकवली. "आधी तुम्ही."

ते प्यायले. मग उरलेला ती प्यायली.

तेव्हापासून त्यांच्या हातचं काहीही असो, सरबत, प्रसादाचा पेढा, साधं पाणी, "आधी तुम्ही." म्हातारपणापर्यंत. चाळीत नव्याने आलेल्या सुना बघायच्या आणि त्यांच्या सासवा त्यांना सांगायच्या, "बघा, शिका. नवऱ्याच्या आधी घोट घेत नाही ती."

लवूभावजी खाली बघून बशी उचलायचे.