पाठीकडून सुरुवात

आप्पा माणसाचा पुतळा पाठीकडून करायला घेत. पंचवटीच्या पलीकडे त्यांची पत्र्याची शेड होती. ओलं गोणपाट उचललं की खाली मातीची डोकी दिसत आणि त्यांतल्या निम्म्यांना चेहरेच नसत. नवखा माणूस बिचके. आप्पा म्हणत, "चेहऱ्याचं काय, मामलेदार दारात आला की तो बदलतो. पाठ बदलत नाही. बाजारात आपलं माणूस आपण पाठमोरंच ओळखतो ना?"

आणीबाणी उठली त्या वर्षी मी त्यांच्याकडे गेले. माझे वडील, नाना, चांदवडकडच्या एका खेड्यात शिक्षक होते. ते गेल्यावर जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या अंगणात त्यांचा अर्धपुतळा बसवायचं ठरवलं. फोटो एकच होता, शाळेतल्या सगळ्यांचा, आणि त्यात नेमकी नानांचीच मान हललेली. आईनं बजावलं होतं, "त्यांच्यासारखा नसंल तर बसवू देणार नाय. दुसऱ्याच माणसाला लोक हार घालतील, आन् मी बघत बसू?" विद्यार्थ्यांनी तिचा शब्द मानला. नाना गेल्यापासून ती त्यांच्याविषयी बोलली ती एवढंच. एरवी त्यांचं नाव निघालं की उठून आत जाई.

आप्पांनी फोटो पाहिला आणि फळीवर उलटा ठेवून दिला. म्हणाले, तुम्ही बोला. मी ग्रंथालयात काम करणारी, गप्प बसण्याचाच पगार घेणारी. नाक सरळ, रंग सावळा, असं सांगू लागले की ते थांबवत. हे पोलिसांना सांगायचं, म्हणत. रागावले की काय करत? पेपर वाचताना कुठला खांदा वर जाई? विचारता विचारता त्यांचे अंगठे शाडूत फिरत राहत. अंधारून आलं की ते बादली उचलून सगळ्या गोणपाटांवर पाणी शिंपडत, आणि आमचं बोलणं तिथंच थांबे.

एकदा बोलता बोलता मी सांगितलं की नाना वर्गात पोरांसमोर कधी हसले नाहीत. हसू आलं की फळ्याकडे वळत आणि उगाच काहीतरी लिहीत. पोरांना ते त्यांच्या हलणाऱ्या कानांवरून कळे. आप्पांचे हात थांबले. "मग इतके दिवस मला नाक कशाला सांगत होता?" असं म्हणून त्यांनी झालेली मान मोडली आणि पुन्हा रचायला घेतली. मी विचारलं, केलेलं मोडताना जीव तुटत नाही? ते म्हणाले, "माती पुन्हा मळता येते, ताई."

नंतर त्यांनी आईला घेऊन यायला सांगितलं. चेहरा तर अजून झालाच नाही, मी म्हटलं. "म्हणूनच आणा."

आई आली ती नाराजीनंच. दारातून पुतळा पाठमोरा दिसत होता. ती उंबऱ्याशीच थबकली. मग पदर सावरून, आमच्याकडे न बघता, हळूच म्हणाली, "केस किती वाढू दिले. रविवारी कटिंगला जा म्हणलं व्हतं ना."

आप्पांनी स्टूल पुढे सरकवलं. आई बसली आणि बोलू लागली, इतकं की गोणपाटांवर पाणी मारायचं राहून गेलं. चेहरा तिच्या बोलण्यातूनच आला. कपाळाला माती कमी पडली, कंजूषपणा करू नका, असंही तिनं त्यांना सुनावलं. पुतळा शाळेत बसला. ती गावी गेली की आधी वळसा घालून त्याच्या मागे जाई.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा आप्पा गेले. थोड्याच दिवसांनी मी शेडवर भेटायला गेले. त्यांची मुलगी मंगल, इतकी वर्षं त्यांच्याबरोबर साचे काढणारी, फिरत्या पाटाशी उभी होती. पाटावर खांद्यांपर्यंत रचलेली माती होती, पाठ माझ्याकडे. आप्पांचे फोटो घरात भरपूर होते. तिनं ते सगळे फळीवर उलटे ठेवले होते.

तिनं स्टूल सरकवलं. "मावशी, बोला."

गोणपाट अजून ओलं होतं. मी म्हटलं, उजवा खांदा जरा खाली घे. बादली ते नेहमी त्याच हातानं उचलत.

तिनं मातीत अंगठा दाबला.