खांबाला बांधलेली पट्टी

पौषातला उत्तरेचा वारा सुटला होता. कोरडा, बोंबलांना हवा तसा. उजाडताच जमुनाने मांडवाच्या दोऱ्यांवर बोंबील टांगायला घेतले, जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने. हात बोंबलांत आणि तोंडात युरोप. "मध्ययुगात मठातले साधू कातड्यावर हाताने पुस्तकं उतरवत..."

साल एकसष्ट. मसोलीच्या शाळेत आज तिचा परीक्षेचा पाठ होता, शाळा तपासायला येणाऱ्या डिप्टीसाहेबांसमोर. पास झाली तर नोकरी कायम. नापास झाली तर तिच्या जागी ट्रेनिंगवाला मास्तर येणार, आणि तिच्या डोक्यावर सुक्या मासळीची पाटी.

ओटीवर सासरा मोतीराम जाळं विणत होता. जाळ्याची भोकं एकसारखी यावीत म्हणून दोरा बांबूच्या पट्टीवरून फिरवायचा, आणि मापाची मूळ पट्टी खांबाला बांधलेली. शेजारचा सुकऱ्या तीच मागायला आला.

"इथंच बसून दुसरी कापून घे. ती सुटायची नाय."

"सोनं हाय का ती, मोतीरामदादा?"

"गेल्या साली तुझ्या भावानं पट्टीवरनं पट्टी कापली, तिच्यावरनं आणखी एक. भोकं बारीक होत गेली, चिखल भरला न् जाळं फाटलं. इचार जा त्यालाच!"

सुकऱ्या खांबाशी बसून बांबू कापू लागला.

सातवीच्या वर्गात पाठ टाचणाप्रमाणे चालला होता. मागच्या बाकावर डिप्टीसाहेब लिहीत होते.

"मोठी पुस्तकं साखळीने बांधून ठेवत," जमुना म्हणाली.

पुढच्या रांगेतली चंद्रा उठली. "साखळी कशाला, बाई? होडी हाय का ती?"

वर्ग खिदळला.

"चोरीला जाऊ नये म्हणून."

"पुस्तक कोण चोरील?"

टाचणात पुढे काही नव्हतं. साहेबांचं पेन थांबलं. जमुनाने हात पदराला पुसले. बोंबलाचा वास अजून होताच.

"चंद्रा, तुझ्या घरची जाळ्याची पट्टी कुठं असते?"

"खांबाला."

"का?"

"पट्टीवरनं पट्टी कापत गेलं का माप चुकतं."

"मग नकलेवरून नक्कल, तिच्यावरून आणखी एक, अशी पुस्तकं उतरवली तर?"

खिडकीजवळचा भिकू म्हणाला, "चुका वाढतील. ताडून बघायला चांगलं पुस्तक जाग्यावर पायजे."

"म्हणूनही साखळी. चोरीची भीती होतीच. एका पुस्तकाला कळपभर कातडी लागायची. पण ते हललं, तर बाकीची कशावर ताडणार?"

पाठ संपल्यावर साहेबांनी तिला बोलावलं. "पट्टीचं टाचणात नव्हतं, बाई."

"नव्हतं, साहेब."

"त्याचे गुण कापले." त्यांनी वहीवर सही केली. "बाकी पास. ती पट्टी बघायला मिळेल का?"

"मिळेल. पण घरी यावं लागेल, साहेब. ती सुटत नाही."

घरी मोतीरामने मान वर केली. "काय झालं?"

"पास झाले, मामा."

"बरं झालं." तो पुन्हा दोऱ्याकडे वळला. "कावळे बसलेत बघ मांडवावर."

जमुनाने पदर खोचला, कावळे हाकलले आणि बोंबील उलटे करायला घेतले.