मानेवरची किटली

आमचे काका बाइंडर होते. पुस्तक बांधताना पुठ्ठा जाड व्हावा म्हणून ते आतून रद्दी चिकटवायचे. काकू गेली तेव्हा त्यांचं कामात लक्षच नव्हतं. टेबलावरचा तिचा एकुलता एक फोटो रद्दीबरोबर कुठल्यातरी पुठ्ठ्यात गेला आणि ते पुस्तक गिऱ्हाईक घेऊन गेलं. कोणतं पुस्तक, ते त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही.

मग ते फाटक्या पुस्तकांतली जुनी, कोरीव छापाची चित्रं कापून जोडू लागले. एका बाईचा झगा, दुसरीचे सुई धरलेले हात, आणि मानेवर कधी किटली, कधी कंदील, कधी चक्क घुबड! म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं शेजारी म्हणायचे. काका गेल्यावर एक चित्रकार येऊन त्यांत गूढ अर्थ शोधत बसला. अर्थ कसला डोंबलाचा! ती सगळी काकूच होती. पुस्तकांची शिलाई तीच करायची.

मी एकदा त्यांना म्हटलं होतं, "काका, एवढ्या बायका कापता, एकीचा तरी चेहरा लावा की."

काकांनी खळीचा ब्रश खाली ठेवला.

"दुसऱ्या बाईचं तोंड कसं लावू गं तिला?"