काउन्सिलर व्हायचं होतं मला

हसा, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. ठसका लागला तर मी जबाबदार नाही. माझ्या एका शब्दानं अख्ख्या दिग्रसमध्ये जो घोळ घातला, तो ऐकाच!

यवतमाळला होस्टेलवर राहून मी मानसशास्त्रात एम.ए. केलं आणि डिग्री घेऊन घरी आले. पहिल्याच संध्याकाळी बाबांनी विचारलं, "आता याचं काय करतेत?"

काय सांगू? मलाच कुठं माहीत होतं! कॉलेजच्या मॅडमनी सांगितलेलं तेच म्हणून दाखवलं. शाळेत जाता येतं, दवाखान्यात, कंपनीत माणसं निवडायला, जेलमध्येसुद्धा. आईनं नेमकं शेवटचंच ऐकलं.

"जेलमंदी? कायले वं माय? असं काय केलं तुनं?"

त्या वर्षी बोंडअळीनं कापूस पोखरला होता आणि उरलेल्याला भाव नव्हता. बाबा एवढंच म्हणाले, "दिवाळीलोक नोकरी पाहाय. नाही तर पुसदच्या पाव्हण्याईले बोलावतो."

म्हणजे मुदत दिवाळीपर्यंत! पेपरात सरकारी जाहिरात दिसली. खेड्यापाड्यांतल्या लोकांचं ऐकून घ्यायला, त्यांना धीर द्यायला समुपदेशक नेमायचे होते. अर्ज टाकला. तरी ओळख असलेली बरी, म्हणून मामाकडे गेले. मामा जिनिंगमध्ये काट्यावर होता, कापसाच्या गाड्या मोजायला.

"मामा, मले काउन्सिलर व्हायचं आहे. कोनाची ओळख आहे का?"

समुपदेशक म्हणायला माझी जीभ झिजत होती का? पण नाही! नव्यानं शिकलेल्या माणसाला इंग्रजीची भारी खाज असते.

मामा माझ्याकडे बघतच राहिला. "काउन्सिलर? तू? वा रे वाघीण! आमच्या भाऊसाहेबाच्या हातात एक लेडीज सीट आहे. चाल!"

भाऊसाहेब म्हणजे जिनिंगचे मालक. शाळा त्यांची, पतसंस्था त्यांची. एखादा दवाखानाही काढत असतील, असं मी आपलं धरून चालले. ऑफिसात बाहेरच्या मशीनचा हा धडधडाट! भाऊसाहेबांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"पोरी, दिवसाले किती घरं करशीन?"

"पाच-सहा. एका घराले तासभर तरी द्यावाच लागते."

"तासभर? एवढं काय बोलतं?"

"मी नाही बोलत, तेच बोलतेत. कोनी कोनी रडतेत बी. रडू द्यावं."

भाऊसाहेबांनी मामाकडे पाहिलं. मामानं अभिमानानं मान डोलावली.

"अन् आश्वासनं?"

"अजिबात द्याची नाहीत! आमच्या कामातला पहिला नियम आहे हा."

भाऊसाहेब खुर्चीत सरळ झाले. हे त्यांनी जन्मात ऐकलं नसावं.

"बरं, चिन्हाचा काही विचार केला का?"

"चिन्हं तं पाठच आहेत भाऊसाहेब! झोप न लागणं, भूक मरणं, एकटंच बसून राहणं..."

ते कपाळ चोळायला लागले. मला वाटलं, माझ्या अभ्यासाचा दाब पडला!

"तिकिटाचं मी नागपूरहून पक्कं करतो," ते म्हणाले.

अरे वा, नागपूरला ट्रेनिंग! वर भाडंही देणार! पण फुकटचं कशाला घ्यायचं?

"तुम्ही कायले तरास घेता? तिकीट माझं मी काढतो ना!"

मग भाऊसाहेब मामाच्या कानाशी लागले, पण मशीन अशी ओरडत होती की त्यांनाही ओरडावं लागलं. "पोरीची लई वरलोक वळख दिसते बे!"

मीही गोंधळले, तेही गोंधळले. आणि गंमत म्हणजे दोघंही खूश! लगेच फोटोवाला आला. म्हणाला, "हात जोडा." ओळखपत्राला हात कशाला जोडायचे? मग मीच स्वतःला समजावलं, सेवेची नोकरी आहे, नम्रता दिसायला पाहिजे.

दोन दिवसांनी सरकारी मुलाखतीचं पत्र आलं. सोमवार, यवतमाळ. मी गेलेच नाही. कशाला जाऊ? नोकरी खिशात होती ना माझ्या!

मंगळवारी सकाळी बाबा सायकलवरून धापा टाकत आले. "चाल माझ्यासंग!"

बस स्टँडसमोर भलं मोठं बॅनर. हात जोडलेली एक बाई. कुठंतरी पाहिलीय हिला, असं मला खरंच वाटलं हो! खाली लिहिलेलं, 'प्रभागाची लाडकी लेक, भावी नगरसेविका'.

"हे कोन्या नोकरीत बसते वं?" बाबांनी विचारलं.

तशीच जिनिंगवर धावले. मामा म्हणाला, "काउन्सिलर म्हंजे नगरसेवकच ना? आम्ही तं जन्मभर तसंच म्हणून राह्यलो!"

भाऊसाहेब डोकं धरून बसले. निवडणुकीचा फॉर्म भरायला दोनच दिवस उरलेले, दुसरी बाई आणायची कुठून? नेमकी तेव्हाच मामी मामाचा डबा घेऊन आली होती. दोन मिनिटं तिनं सगळं ऐकलं आणि डबा टेबलावर आपटला.

"मी राहतो ना उभी! एवढं डोकं कायले खाऊन राह्यले?"

राहिली. आणि निवडूनही आली!

माझ्या पदरात फक्त एवढंच पडलं, की पुसदच्या पाहुण्यांनी ते बॅनर पाहिलं, 'पुढारीण नको' म्हणून कळवलं आणि मला थोडी मुदत वाढवून मिळाली. पुढच्या वर्षी जागा निघाल्या, तेव्हा मात्र शुद्ध मराठीत समुपदेशक म्हणून अर्ज भरला. सोबत नगरसेवकाचा दाखला हवा होता. गेले मामीकडे. तिनं चष्मा लावला आणि सावकाश लिहिलं, 'सदर मुलगी माझ्या परिचयाची असून समोरच्या माणसाचे म्हणणे तिला लगेच समजते.'

मी वाचलं आणि मान खाली घातली. "मामी, हे तं खोटं आहे."

"मालूम आहे मले," मामी म्हणाली. "म्हणून तं शिक्का दोनदा मारला."