वेंडेलच्या फीडरवरचे रकून

गुरुदत्त पांढरीपांडेने उभ्या आयुष्यात कुणाला वाईट बातमी ताजी दिली नाही. आधी ती मुरवायची, गुपचूप उपाय शोधायचा, उपाय लागू पडला की मग हसत हसत सांगायचं, "अगं, मधे जरा असं झालं होतं." नागपुरात आईला नोकरी गेल्याचं कळवलं ते दुसरी लागल्यावर आणि पित्ताशयाच्या ऑपरेशनचं कळवलं ते टाके सुकल्यावर. आईही त्याचीच आई. ती अंगणात घसरून पडली, मनगट मोडलं, तर सहा आठवडे व्हिडिओ कॉलवर प्लास्टरचा हात पदराखाली घेऊन बसली. मायलेक एकमेकांना "मजेत" म्हणायचे आणि फोन ठेवला की आपापल्या खंडात सुस्कारा सोडायचे.

ऑफिसात तर या सवयीचा पगारच मिळत होता. ऑस्टिनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तो टेस्टिंगचा लीड. प्रोजेक्टच्या रिपोर्टात लाल खूण क्लायंटच्या नजरेला पडू द्यायची नाही, हिरवी करायची आणि मगच दाखवायची, हे वीस वर्षांत अंगवळणी पडलेलं. माणूस खोटारडा नव्हता हो. आपल्यामुळे कुणाच्या जिवाला घोर नको, एवढंच त्याच्या मनात असायचं. पण या भलेपणानेच त्याचा घात केला, आणि तोही कशावरून, तर रकूनांवरून.

टेक्सासात ऑस्टिनच्या पश्चिमेला ड्रिपिंग स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. तिथे घर घेतलं तेव्हा त्याची बायको सुवर्णा रुसली होती, कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाऊण तास गाडी चालवायची म्हणून. पण शेजार मिळाला वेंडेलचा. ब्याऐंशी वर्षांचा विधुर, जन्मभर शाळेची बस चालवलेला. एवढ्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची गुरुदत्तच्या जिभेला वर्षभर सवय होईना. घरात मात्र सगळे त्याला वेंडेलकाकाच म्हणत.

वेंडेलच्या घरामागे मोकळं रान होतं आणि रानात हरणांचा फीडर. तीन लोखंडी पायांवर उभं पिंप, पिंपात मका, आणि पिंपाच्या बुडाला बॅटरीवर फिरणारी थाळी. सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी पाचला ती गर्रकन फिरायची, मका चौफेर उडायचा आणि ओकच्या झाडीतून हरणं एकेक पाऊल टाकत पुढे यायची. वेंडेल पाचच्या आत दोन खुर्च्या मांडून ठेवायचा. एक त्याची, एक गुरुदत्तची. बोलणं फारसं होत नसे. अमेरिकेत बावीस वर्षं काढूनही आधी मेसेज न करता जाता येईल असं गुरुदत्तला हे एकच घर मिळालं होतं. तिथे बसलं की त्याला काहीच सिद्ध करावं लागत नसे.

ऑक्टोबरमध्ये वेंडेल मागच्या पायरीवरून पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण एकट्याने राहणं संपलं. मुलगी डार्ला हिने त्याची सोय चाळीस मिनिटांवरच्या सॅन मार्कसमध्ये, वृद्धांच्या निवासात केली. निघायच्या दिवशी गाडीत बसता बसता त्याने मक्याची पोती ठेवलेल्या शेडची किल्ली गुरुदत्तच्या हातात दिली.

"फीडर चालू ठेवशील ना? रकून फार सतावतात. अडलं तर ये माझ्याकडे."

"तुम्ही फक्त बरे व्हा," गुरुदत्त म्हणाला. "बाकी माझ्यावर सोडा."

रविवारी यायचं त्याने कबूल केलं.

ज्याने रकून पाहिला नाही त्याला सांगायचं तर, मांजराहून थोराड, डोळ्यांवर चोरासारखी काळी पट्टी आणि शेपटीला काळे वेढे. पण खरी भानगड त्याच्या हातांची. पंजे नव्हेत ते, हातच. फीडरच्या पायावरून सरसर वर जायचं, पिंपाला उलटं लोंबकळायचं आणि थाळी हाताने फिरवून मका पाडायचा, हा त्यांचा धंदा. पहिल्याच आठवड्यात महिन्याचा मका त्यांनी फस्त केला. झाडाला लावलेल्या कॅमेऱ्यात सकाळी पाहावं तर पिंपावर पाच जणांचं कुटुंब नांदतंय आणि हरणं लांब उभी राहून बघतायत.

आता ही बातमी घेऊन रविवारी म्हाताऱ्याला भेटायचं? आधीच हाड मोडून पडलेला माणूस. गुरुदत्तने ठरवलं, आठवडाभरात बंदोबस्त करू आणि मग ऐटीत जाऊ. रविवारी त्याने हरणांचा एक फोटो पाठवला. कोपऱ्यात वेढ्यांची शेपटी आली होती, ती कापून टाकली. खाली लिहिलं, "ऑल गुड!"

मग त्याने फीडरच्या पायांना ग्रीस फासलं. दोन दिवस रकून घसरगुंडी खेळले, तिसऱ्या दिवशी अंगाला माती चोळून आले की काय देव जाणे, पण वर पोचले. त्याने पायांना पत्रे गुंडाळले, तर ते शेजारच्या फांदीवरून पिंपावर उड्या मारू लागले. फांदी तोडली, तर एकाच्या खांद्यावर दुसरा चढला. शेवटी सुवर्णाने दिवाळीच्या चिवड्यासाठी जपलेलं लाल तिखट त्याने मक्यात कालवलं. रकून एक दिवस शिंकले आणि नंतर चटावले. हरणांनी मात्र तोंड फिरवलं ते दहा दिवस फिरकली नाहीत. टेस्टिंगमधल्या या पंडिताच्या त्या पाच जनावरांनी नाकी नऊ आणले होते, आणि गंमत म्हणजे त्याला ते आवडूही लागलं होतं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये तो कागदावर फीडरची चित्रं काढत बसायचा.

दर रविवारी जुना किंवा कापलेला फोटो मात्र नेमाने जात होता. "ऑल गुड." "लुकिंग ग्रेट." पलीकडून वेंडेल अंगठा पाठवायचा. कधी लिहायचा, "रकून?" गुरुदत्त उत्तर द्यायचा, "नो प्रॉब्लेम."

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत सुवर्णा म्हणाली, "अरे, जाऊन ये ना यार. वेंडेलकाकांना गोड आवडतं, मी नारळाच्या वड्या करून देते."

"जातो गं. एवढं काम फिनिश होऊ दे. रिकाम्या हाताने काय जायचं?"

"वड्या काय रिकामे हात आहेत?"

तो किल्ली उचलून शेडकडे निघून गेला. ख्रिसमसला मुलगी अनिका कॉलेजातून घरी आली आणि तिनेही तेच विचारलं. तो म्हणाला, जातो, जातो. ती म्हणाली, "बाबा, इट्स फॉर्टी मिनिट्स. जस्ट गो." त्याला राग आला. आपण त्या माणसासाठी थंडीत शिडीवर चढून बोटं सोलून घेतोय आणि यांना वाटतं आपण टाळतोय. खरं तर टाळतच होता. फोनवरून "ऑल गुड" लिहिता येतं, पण समोर बसून, त्या निळसर म्हाताऱ्या डोळ्यांत बघून, ते तोंडातून निघालं नसतं. दोन महिन्यांत हरणं धड खायला आली नाहीत हे सांगावं लागलं असतं. जितके फोटो पाठवले तितकं जाणं जड होत गेलं. हे त्याला कळत होतं, पण कळून उपयोग काय?

फेब्रुवारीत त्याने अखेर हात टेकले आणि गावातल्या एका वेल्डरला गाठलं. थाळीभोवती बसेल असा दणकट पिंजरा, गजांमधून मका बाहेर उडेल पण रकूनचा हात थाळीपर्यंत पोचणार नाही, असं माप काढून दिलं. शनिवारी पिंजरा बसणार होता. रविवारी सकाळी कॅमेरा बघायचा आणि दुपारी सॅन मार्कसला जायचं, असं त्याने पक्कं केलं. सुवर्णाला वड्यांचा नारळ आणायलासुद्धा सांगितलं.

शुक्रवारी सकाळी डार्लाचा फोन आला. पहाटे झोपेतच वेंडेल गेला होता.

पुढच्या रविवारी डार्लाने वेंडेलच्या घरी माणसं बोलावली. शाळेचे जुने ड्रायव्हर, चर्चमधली मंडळी, असे वीसेक जण होते. गुरुदत्त सुवर्णाला घेऊन गेला. भिंतीवर वेंडेलचे बसबरोबरचे फोटो लावले होते आणि टेबलावर एक टॅबलेट ठेवला होता. त्यावर एकामागून एक हरणांचे फोटो सरकत होते. सगळे त्याने पाठवलेले. लोक थांबून कौतुकाने बघत होते. त्याला तिथून पळून जावंसं वाटलं.

डार्ला त्याच्याजवळ आली आणि तिने त्याचे दोन्ही हात धरले.

"तू बाबांसाठी किती केलंस," ती म्हणाली. "एक गंमत सांगू? त्यांना पैज लावायला आवडायची ना. तिथल्या नर्सबरोबर त्यांनी तुझ्यावर पैज लावली होती."

"माझ्यावर?"

"हो. म्हणायचे, त्या रकूनांपुढे तीस वर्षांत माझं काही चाललं नाही, गुरूचं काय चालणार? आठवड्याभरात वैतागून येईल बघ, मला विचारायला." ती हसली आणि डोळे पुसले. "दर रविवारी जेवण झालं की इस्त्रीचा शर्ट घालून दाराकडे तोंड करून बसायचे. मग तुझा फोटो यायचा. सगळ्यांना दाखवायचे, बघा, कसं जमवलंय. आणि मग मला शर्ट काढून ठेवायला सांगायचे."

गुरुदत्तला वाटलं होतं, म्हातारा तिथे चांगल्या बातमीची वाट बघतोय. तो तर माणसाची वाट बघत होता, आणि त्या माणसाला आणायचं काम त्याने रकूनांवर सोपवलं होतं. रकूनांनी आपल्याकडून कसर ठेवली नव्हती. रोज रात्री येऊन त्यांनी मका लुटला होता, पत्रे वाकवले होते, बॅटरीची तार उपटली होती. आडवा आला तो फक्त गुरुदत्त.

"नवीन वर्षानंतर म्हणाले, पोरगं माझ्यापेक्षा हुशार निघालं," डार्ला सांगत होती. "आता कशाला येईल. त्या रविवारपासून शर्ट मागितला नाही त्यांनी."

सुवर्णाने गुरुदत्तच्या दंडाला हात लावला. मागून बस ड्रायव्हरांपैकी एक जाडजूड गृहस्थ बशी सांभाळत पुढे आला आणि म्हणाला, "तूच का तो शेजारी? आमच्याकडेही रकूनांनी उच्छाद मांडलाय. आम्हाला सांग तरी, वेंडेलला नाही जमलं ते तुला कसं जमलं?"

खोलीतले चार-पाच जण वळून बघू लागले. डार्लाही कौतुकाने बघत होती. टॅबलेटवर पुढचा फोटो सरकला.

"नाही जमलं," गुरुदत्त म्हणाला. "एक दिवससुद्धा नाही."